मागे ट्रेलर, माथ्यावर कायाक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही मिशिगनमधल्या डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. मे ते ऑक्टोबर जमेल तेव्हा पिकअपला राहायचा ट्रेलर जोडून उत्तरेकडे पळतो, आणि बरोबर दोन कायाक, म्हणजे वल्ह्याच्या निमुळत्या होड्या, असतात. उन्हाळा जवळ आला की मंडळाच्या ओळखीतून, नात्यातून, शेजारच्या शहरातून तेच ते प्रश्न येऊ लागतात. दर वेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं. इथली सगळी मापं पौंड आणि फुटांत दिली आहेत, कारण गाडीच्या दारावरचं स्टिकरही तीच भाषा बोलतं.

आमच्या पिकअपची ओढण्याची क्षमता अकरा हजार पौंड आहे. ट्रेलर जेमतेम साडेपाच हजारांचा. मग दोन कायाकनी काय फरक पडतो?

जाहिरातीतला आकडा ओढण्याचा असतो. आपली अडचण पाठीवर वाहण्याची आहे, आणि ती मर्यादा फार आधी संपते. ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं स्टिकर दिसेल. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त वजन होता कामा नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हाच तुमचा पेलोड. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचा आकडाही वेगळा असू शकतो, कारण सनरूफ, मोठी चाकं, चारचाकी ड्राइव्ह हे सगळं त्यातूनच वजा होतं. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या उपयोगाचा नाही.

आता हिशेब मांडू. समजा स्टिकरवर १,५५० आहे. आई, बाबा आणि दोन मुलं मिळून ५००. उरले १,०५०. ट्रेलरचं तोंड पिकअपच्या हिचवर (ट्रेलर अडकवायच्या जोडणीवर) जेवढं वजन टाकतं त्याला टंग वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरला ते एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. ५,५०० पौंडांच्या भरलेल्या ट्रेलरचं साधारण ७०० धरा. उरले ३५०. वजन पुढच्या चाकांवर वाटणारा वेट डिस्ट्रिब्यूशन हिच स्वतःच ८० पौंडांचा. उरले २७०. मागच्या हौद्यावर कायाकसाठी रॅक ७०, दोन कायाक प्रत्येकी ५०. उरले १००. त्यात बर्फाने भरलेला कूलर, जनरेटर, लाकडं, मुलांच्या सायकली आणि 'असू दे, लागेल' म्हणून घेतलेला प्रेशर कुकर बसवायचा आहे.

आणि जुलैत भारतातून आजी-आजोबा आले की आणखी २८० पौंड. म्हणजे बेरीज १८० पौंडांनी मर्यादेबाहेर गेली. ओढण्याच्या अकरा हजारांपैकी निम्मे अजून शिल्लक आहेत, पण त्याचा काही उपयोग नाही.

हे वजन नक्की कसं कळणार? अंदाजच ना?

अंदाजावर विसंबू नका. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे गाड्यांचा वजनकाटा, असतो. सगळं सामान, सगळी माणसं, भरलेली पेट्रोलची टाकी अशा अवस्थेत त्यावर गाडी चढवायची. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं असे तीन आकडे वेगवेगळे मिळतात. खर्च दोन पिझ्झांपेक्षाही कमी. एकदा ट्रेलरसकट आणि एकदा ट्रेलर सोडून वजन केलं की टंग वेटही निघतं. आमचा ट्रेलर कागदावर होता त्यापेक्षा कितीतरी जड निघाला. कागदावरचं वजन कारखान्यातून बाहेर पडतानाचं असतं. त्यात बॅटरी, भरलेले गॅस सिलिंडर, पाण्याची टाकी आणि आपले डबे-भांडी बहुतेकदा धरलेली नसतात.

कायाक ठेवायची सर्वात चांगली जागा कोणती?

माझं मत स्पष्ट आहे: पिकअपवर, हौद्याच्या रॅकवर, केबिनच्या वरून पुढे गेलेली. याची दोन कारणं.

एक, वजन पिकअपच्या दोन चाकांच्या जोड्यांमध्ये राहतं आणि ट्रेलरचा तोल बिघडत नाही. दुसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. कॅम्पग्राउंडवर पोचलात की ट्रेलर सोडून ठेवायचा आणि पिकअप घेऊन पाण्याकडे जायचं. कायाक ट्रेलरवर असतील तर तिथे पुन्हा उतरवा, पिकअपवर चढवा, पाण्यावर न्या, परत आणा, हे सगळं दोनदा. पिकअपवर असतील तर थेट.

रॅकचे दोन्ही आडवे दांडे हौद्यावर असतील तर उत्तम. पिकअपची केबिन आणि हौदा वेगवेगळ्या तुकड्यांचे असतात, खड्ड्यांत दोन्ही थोडे वेगळे हलतात. एक दांडा केबिनवर आणि एक हौद्यावर असेल तर केबिनवरच्या दांड्याला पट्टा आवळून जखडू नका, नुसता आधार राहू द्या. दोन्ही दांडे केबिनच्याच टपावर असतील तर त्यांच्यातलं अंतर दोन-तीन फुटांचंच असतं. बारा फुटी कायाक त्यावर सी-सॉसारखी झुलते. तेव्हा पुढून दोरी बांधणं ऐच्छिक राहत नाही.

टपाची वजनमर्यादा गाडीच्या पुस्तिकेत असते. गाडी चालू असताना टपावर किती वजन चालेल तो आकडा धरायचा. उभ्या गाडीवर किती पेलेल तो आकडा मोठा असतो आणि लोक तोच वाचतात. हौद्यावर फायबरचं झाकण बसवलेलं असेल तर त्याची मर्यादा वेगळी, ती झाकण बनवणाऱ्याकडूनच विचारून घ्या.

कायाक हौद्यातच आडवी टाकून टेलगेट (हौद्याची मागची फळी) उघडं ठेवलं तर? लाकूडफाटा नेतो तसं.

ट्रेलर नसेल तर जरूर. मागे हिचला बसणारा टी आकाराचा एक्स्टेंडरही मिळतो. पण ट्रेलर जोडला की हिच अडकलेला असतो, आणि टेलगेटच्या मागे ट्रेलरचा जॅक आणि गॅसचे सिलिंडर उभे असतात. सरळ रस्त्यावर चार-पाच फूट मोकळी जागा दिसते. वळण आलं की ट्रेलरचा पुढचा कोपरा पिकअपच्या बंपरकडे सरकत येतो आणि ती जागा नाहीशी होते.

हे मला पहिल्याच वर्षी शिकायला मिळालं, एका पेट्रोल पंपावर. पंपाभोवती गर्रकन वळवून बाहेर पडत होतो. हौद्यातून तीन फूट बाहेर आलेल्या कायाकची शेपटी ट्रेलरच्या पुढच्या फायबरमध्ये अशी घुसली की बायकोने आधी आवाज ऐकला आणि मग माझ्याकडे पाहिलं. कायाकला ओरखडाही नव्हता. पॉलिएथिलीन भलतं चिवट असतं. ट्रेलरला मात्र मुठीएवढं भोक. चांदीच्या रंगाच्या टेपने झाकून ती सहल पूर्ण केली.

म्हणून निघण्याआधी एखाद्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये स्टिअरिंग पूर्ण फिरवून, अगदी चालण्याच्या वेगाने, डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही बाजूंना वळून पाहा. एकाने बाहेर उभं राहून कायाकच्या शेपटीवर नजर ठेवायची. पंपाच्या उंचवट्यावर चढतानाही पाहा, कारण तिथे पिकअपचं नाक वर गेलं की शेपटी खाली येते. वरच्या रॅकवर असली तरी शेपटी टेलगेटच्या रेषेच्या मागे जाऊ देऊ नका. जास्तीची लांबी बॉनेटच्या बाजूला जाऊ द्या. चार दरवाज्यांची केबिन आणि साडेपाच फुटी हौदा असला तर बारा फुटी कायाक पुढच्या काचेवर फूट-दीड फूट येते, बस्स.

ट्रेलरच्या मागच्या बंपरवर उभा रॅक बसवला तर? एकाने तसं लावलेलं पाहिलं.

मीही पाहिलंय. ट्रेलरचा बंपर म्हणजे बहुतेक वेळा चार इंची चौकोनी, पातळ पत्र्याची नळी. सांडपाण्याचा पाइप ठेवायला आणि फार तर स्टेपनीसाठी ती असते. तिच्यावर माल लादू नका असं कित्येक ट्रेलर कंपन्याच लिहून देतात. पण समजा बंपर मजबूत करून घेतला, चौकटीला वेल्ड करून घेतला. तरी भौतिकशास्त्र तिथेच राहतं.

ट्रेलर हा चाकांवर तोललेला दांडा आहे. हिचपासून चाकांच्या आसापर्यंत १५ फूट, आसापासून मागच्या टोकापर्यंत १०, आणि रॅक त्याच्याही मागे दोन फूट असं धरा. तिथे १५० पौंड लटकवले तर हिचवरचं वजन १५० गुणिले १२ भागिले १५, म्हणजे १२० पौंडांनी कमी होतं. ७०० चे ५८० झाले. रॅकसकट ५,६५० पौंड झालेल्या ट्रेलरला हे दहा टक्क्यांच्या काठावर आलं. टंग वेट कमी झालं की ट्रेलरची शेपूट डोलू लागते. बाजूने मोठा ट्रक जोरात गेला की आधी हलकं, मग जास्त, मग पिकअपलाच फिरवून टाकण्याइतकं. पिकअपची ताकद यातून वाचवत नाही.

एक विरोधाभास सांगतो: पेलोडच्या हिशेबात हे छान दिसतं! हिचवरचं वजन कमी झालं म्हणजे पिकअपवरचा भार कमी झाला. म्हणून लोकांना वाटतं की युक्ती सापडली.

मग ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी चौकटीवर उभा रॅक?

तोलाच्या दृष्टीने मागच्यापेक्षा बरा, पण जवळजवळ सगळं वजन टंग वेटमध्ये पडतं. रॅक धरून १५० पौंडांच्या आसपास. वरच्या हिशेबात पिकअपवरच्या रॅकच्या तुलनेत फारसं काही वाचत नाही. शिवाय जॅक, सिलिंडर आणि टेलगेट यांच्यात गर्दी होते.

आणि उंची. उभी बारा फुटी कायाक जमिनीपासून दोन फुटांवर सुरू झाली तर टोक १४ फुटांवर जातं. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांत वाहनाची कमाल उंची साडेतेरा फूट आहे. दहा फुटी कायाकच असेल तर १२ फुटांवर निभावतं. पण कॅम्पग्राउंडमधल्या मेपलच्या फांद्यांना कायदा माहीत नसतो. नॉर्थ कॅरोलिनात डरहॅमला एक रेल्वेपूल आहे. ११ फूट ८ इंच उंचीमुळे तो कितीतरी ट्रकांची टपं सोलून काढत असे, म्हणून इंटरनेटवर प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये तो आठ इंच उचलून १२ फूट ४ इंच केला, तरी टपं निघतातच. उभ्या कायाकचं टोक काय उंचीवर आहे ते मोजून डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवा.

आमचा ट्रेलर फिफ्थ व्हील आहे. त्याचं नाक तर हौद्यातच बसतं.

मग तुमचं काम अवघड. हौद्याचा मधला भाग कपलिंगने घेतलेला, आणि पिनचं, म्हणजे हौद्यावर पडणारं, वजन ट्रेलरच्या २० ते २५ टक्के, म्हणजे पेलोड आधीच संपत आलेला. वळताना ट्रेलरचं नाक केबिनच्या मागच्या काचेजवळ येतं, त्यामुळे केबिनवरून मागे कायाक येऊ देता येत नाही. केबिनच्या टपावर आखूड कायाक, किंवा हवेच्या कायाक. काही जण फिफ्थ व्हीलच्या मागे आणखी एक छोटा ट्रेलर जोडतात. मिशिगनमध्ये त्यासाठी लायसन्सवर 'आर' एन्डोर्समेंट घ्यावी लागते, आणि कित्येक राज्यांत असं जोडणं चालतच नाही. राज्याची हद्द ओलांडणार असाल तर आधी पाहा.

पॉप-अप, म्हणजे पोचल्यावर छत वर उचलून उघडायच्या ट्रेलरच्या छतावर?

छतावर रॅक असलेले पॉप-अप मिळतात आणि चाकांच्या आसपास वजन राहत असल्याने तोलही फार बिघडत नाही. त्रास एवढाच, की पोचल्यावर आधी कायाक उतरवायच्या आणि मगच छत उचलायचं. पावसात, अंधारात, भुकेल्या मुलांसमोर. नेहमीच्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या छतावर मात्र नको. वरचं रबरी आवरण आणि खालचं पातळ प्लायवूड कायाकसाठी केलेलं नसतं. एकदा पाणी झिरपलं की भिंती कुजेपर्यंत कळत नाही.

बांधायचं कसं? आमच्याकडे ट्रकवाल्यांचे रॅचेट पट्टे आहेत.

रॅचेट पट्टे घरी ठेवा. त्यांचा जोर इतका असतो की प्लास्टिकची कायाक पिचकते, आणि उन्हात तापलेली असेल तर तशीच राहते. साधे कॅम बकलचे पट्टे वापरा, हाताने ओढून आवळायचे. एका कायाकला दोन पट्टे, रॅकच्या दोन दांड्यांवर. पट्टा हवेत मोकळा असेल तिथे त्याला एक-दोन पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात गुणगुणतो, आणि ७० मैलांच्या वेगाला ते गुणगुणणं तंबोऱ्यासारखं नसतं.

पुढच्या टोकाला दोरी लागतेच. बॉनेट उघडून फेंडरच्या बोल्टला कापडी फास अडकवले की दोरी बांधायला जागा मिळते. मागची दोरी पिकअपच्याच बंपरला किंवा हौद्यातल्या कड्याला. ट्रेलरला कधीही नाही. ट्रेलर आणि पिकअप वळणावर वेगवेगळे फिरतात. एक टोक इकडे आणि एक तिकडे बांधलं तर पहिल्याच चौकात दोरी तरी तुटेल नाहीतर कायाक तरी. दोरीचं सुटं टोक गुंडाळून खोचा, चाकाखाली जाण्याइतकं लांब सोडू नका.

कायाक पालथी किंवा कुशीवर ठेवा. उताणी ठेवली तर पावसाचं पाणी साचतं आणि वर घेतलेलं वजन हळूहळू वाढत जातं. निघाल्यावर दहा-पंधरा मैलांवर थांबून पट्टे तपासा. नवीन पट्टे पहिल्यांदा बसतात, सैल होतात. पुढे प्रत्येक पेट्रोल पंपावर हात लावून पाहा.

चढवायला दोन माणसं लागतात का? मी एकटीच नेते.

एकटीने जमतं. टेलगेटवर जुनी सतरंजी टाका, कायाकचं नाक रॅकच्या मागच्या दांड्यावर टेकवा आणि मागून ढकला. दांड्यावर रबरी रोलर असला तर आणखी सोपं. थूलेचा हलावेटर नावाचा रॅक बाजूने खाली कमरेपर्यंत येतो आणि गॅसच्या दांड्यांनी वर जातो. छान आहे, पण महाग आहे आणि स्वतः जड आहे. पेलोडमधून तोही वजा होणार. हे सगळं ट्रेलर जोडण्याआधी करा. मागे जॅक उभा असला की टेलगेट उघडतानाच आपटतं.

मॅकिनॉ पुलावरून जाताना भीती वाटते.

वाटणारच. १९५७ साली खुला झालेला हा पूल जवळपास पाच मैल लांब आहे, आणि खाली दोन महासरोवरं एकमेकांना भेटतात. वारा वाढला की ट्रेलर, हौद्यात कॅम्पर बसवलेले पिकअप अशा उंच वाहनांना पुलाचे कर्मचारी थांबवतात आणि पुढे गाडी देऊन ताशी २० मैलांनी पार नेतात. लाज वाटून घेऊ नका, रांगेत उभे राहा. वारा आणखी वाढला तर अशा गाड्यांना सोडतच नाहीत. टपावरच्या कायाक अशा दिवशी चांगलंच शीड होतात. पुलाच्या पलीकडे सेंट इग्नसला उतरून पट्टे पुन्हा आवळा.

वेगाचं म्हणाल तर ट्रेलरचे बरेच टायर ताशी ६५ मैलांसाठीच बनलेले असतात. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्याला कायद्यानेच ५५ ची मर्यादा आहे. मी ६० ला जातो. मागचे लोक कंटाळतात.

पिक्चर्ड रॉक्सला न्यायला कोणती कायाक घेऊ?

इथे लांबीचा प्रश्न उलटा फिरतो. आतापर्यंत आखूड कायाकचं कौतुक केलं, पण लेक सुपीरियर हे सरोवर म्हणजे सागरच आहे. पाणी जुलैतही बोचरं थंड, आणि खडकांच्या कड्याखाली दहा-दहा मैल किनाऱ्यावर उतरायला जागा नाही. नॅशनल पार्क सर्व्हिस तिथे उघड्या, आखूड, मौजेच्या कायाकना परावृत्त करते आणि लांब सी-कायाक, स्प्रे स्कर्टसकट (बसायच्या जागेभोवती पाणी अडवणारं आवरण), वापरायला सांगते. सोळा फुटी नाव ट्रेलरसकट नेण्याचा खटाटोप करण्यापेक्षा तिथल्याच म्युनिसिंग गावात मार्गदर्शकासह मिळणारी घ्या. आम्ही तेच करतो. आपल्या दहा फुटी कायाक ऑ सेबल किंवा प्लॅट नदीसाठी, आतल्या लहान तळ्यांसाठी ठेवतो.

हवेच्या कायाक खरंच चालतात, की खेळणी आहेत?

वरचा पेलोडचा हिशेब वाचून हा प्रश्न तुम्ही विचारला असेल तर उत्तर तुमच्याकडे आहे. पिशवीत मावतात, ट्रेलरच्या आत आसाच्या थोड्या पुढे ठेवता येतात, रॅकचं वजन नाही, उंची नाही, दोऱ्या नाहीत. कमतरता अशी की वाऱ्यात भरकटतात, फुगवायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि वाळवायला त्याहून जास्त. ओली गुंडाळून ठेवलेली कायाक चार दिवसांनी उघडून पाहा, नाक मुरडाल. घडीच्या ओरिगामी धर्तीच्या कायाकही मिळतात. त्या पाण्यावर जास्त सरळ चालतात, किंमतही तशीच. आजी-आजोबा आले की आमच्या प्लास्टिकच्या कायाक गॅरेजमध्ये राहतात आणि हवेच्या बाहेर निघतात.

एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात नेताना काही नियम?

आहेत, आणि मिशिगनमध्ये ते २०१९ पासून कडक झाले. निघण्याआधी आतलं पाणी काढायचं, बुचं उघडी ठेवायची, चिकटलेली वनस्पती आणि शिंपले काढून टाकायचे, आणि जमल्यास वाळवायचं. बाहेरून आलेल्या झेब्रा शिंपल्याने या तळ्यांचं काय केलं ते पाहिल्यावर दहा मिनिटं जास्त वाटत नाहीत. नोंदणीचंही पाहा: मिशिगनला बिनमोटरच्या कायाकला नोंदणी लागत नाही, ओहायोला लागते, आणि मिनेसोटात दहा फुटांहून लांब असेल तर लागते.

ट्रेलरच्या आतच ठेवल्या तर? मुलं सारखी विचारतात.

आखूड असतील तर जमतं. दार रुंद हवं, आणि आत लांब मोकळी जागा हवी. टॉय हॉलर, म्हणजे आत गॅरेजसारखी मोकळी जागा असलेला ट्रेलर, असला तर प्रश्नच नाही. नेहमीच्या ट्रेलरमध्ये आठ-नऊ फुटी कायाक पलंगावरून स्वयंपाकघरापर्यंत आडवी येते. खाली चादर घाला, कपाटांच्या कड्यांना नाही तर जमिनीतल्या पक्क्या कड्यांना बांधा, आणि शक्यतो आसाच्या पुढे ठेवा. परतताना मात्र ती ओली असते, वाळूने भरलेली असते, आणि तुम्ही रस्त्यात डुलकी काढायला ट्रेलरचं दार उघडता तेव्हा ती तुमच्या उशीवर झोपलेली असते.